खडकासोबत आलेले पाहुणे
सागरी मत्स्यालयातील अनाहूत जीवांची ओळख आणि त्यांचा आहार

मत्स्यालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोड्या पाण्याची काचपेटी येते. तिच्यात गप्पी, मोली किंवा सोनेरी मासे असतात, तळाशी रंगीत खडे असतात आणि एका कोपऱ्यात हवेचे बुडबुडे सोडणारी नळी असते. अशा पेटीत काय आहे याची यादी मालकाला तोंडपाठ असते, कारण तिच्यातील प्रत्येक मासा त्याने स्वतः निवडून आणलेला असतो. खाऱ्या पाण्यातील प्रवाळ मत्स्यालयाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे मालकाने आणलेले जीव थोडे आणि न बोलावता आलेले जीव अधिक, अशी स्थिती असते. खडकाच्या भेगांतून, प्रवाळाच्या बुडख्यातून, गोगलगायीच्या शंखावरून शेकडो सूक्ष्म आणि स्थूल जीव या पेटीत दाखल होतात. त्यांतील कोणाला सांभाळावे, कोणाला बाहेर काढावे आणि जे राहतील त्यांना काय खाऊ घालावे, हे कळणे म्हणजेच या छंदातील खरी विद्या होय.

जिवंत खडक म्हणजे काय?

प्रवाळ मत्स्यालयाचा पाया ‘जिवंत खडक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडावर उभा असतो. हा खडक स्वतः जिवंत नसतो. मृत प्रवाळांच्या चुनखडीयुक्त सांगाड्यांचे ते सच्छिद्र तुकडे असतात. परंतु त्यांच्या पृष्ठभागावर आणि अंतर्भागात जीवसृष्टी नांदत असते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे खडकाच्या पृष्ठभागावरील जिवाणू प्रथम नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खडकाच्या आतील भागात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत विघटन करतात आणि तो वायू पाण्याबाहेर निघून जातो. पेटीतील टाकाऊ द्रव्यांचा जमाखर्च असा हा खडकच सांभाळत असतो.

या पद्धतीचे श्रेय प्रामुख्याने जकार्ता येथील ली चिन एंग यांना दिले जाते. जिवंत खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचा मंद प्रवाह एवढ्यावर सागरी जीव सांभाळता येतात, हे त्यांनी १९६१ साली एका मत्स्यालयविषयक नियतकालिकात लिहून दाखवले. पुढे जर्मनीतील हौशी अभ्यासकांनी त्याला प्रखर दिवे आणि फेसाद्वारे सेंद्रिय घाण वेगळी करणाऱ्या यंत्राची जोड दिली. ही पद्धती ‘बर्लिन पद्धती’ म्हणून जगभर रूढ झाली. खडकासोबत त्यातील पाहुणेही घरोघरी पोहोचले.

आधी ओळख, मग निवाडा

अनोळखी जीव दिसताच चिमटा घेऊन धावणे, ही नवख्या छंदिष्टाची पहिली चूक. पाहुण्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी, नव्हे उपकारक असतात. म्हणून ओळख पटवण्याची शिस्त आधी अंगी बाणवावी लागते.

नवा खडक किंवा नवे प्रवाळ थेट मुख्य पेटीत न ठेवता काही आठवडे स्वतंत्र पेटीत ठेवावे. प्रवासात खडकावरील काही जीव मरतात, त्यांच्या कुजण्याने अमोनिया वाढतो. तो आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबणे आवश्यक असते. निरीक्षणासाठीही हाच काळ उत्तम. बहुतेक पाहुणे निशाचर असल्याने दिवे मालवल्यानंतर एक-दोन तासांनी विजेरीच्या काचेला लाल कागद लावून पाहावे. लाल प्रकाश यांतील बऱ्याच जीवांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते बिळात पळत नाहीत. भिंगातून पाहून शरीराला वलये आहेत काय, पाय सांध्यांचे आहेत काय, कवच आहे काय, जीव एका जागी रुतलेला आहे की फिरता आहे, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत टिपावीत. वलये असतील तर तो कृमिवर्गातील, सांध्यांचे पाय असतील तर खेकडा-कोळंबीच्या कुळातील, कवच असेल तर बहुधा शंख-शिंपल्याच्या जातीतील आणि रुतलेला, मुखाभोवती शुंडके असलेला असेल तर समुद्रफूल-प्रवाळांच्या गोतावळ्यातील, इतका प्राथमिक उलगडा या चार प्रश्नांनी होतो.

केसाळ कृमींची बदनामी

सर्वांत जास्त भीती वाटते ती केसाळ कृमींची. गुलाबी-तपकिरी रंगाचा, दोन्ही कडांना पांढऱ्या रोमांचे झुबके असलेला हा वलयी प्राणी रात्री खडकाबाहेर डोके काढतो. त्याच्या जवळपास मेलेला मासा आढळला की खुनाचा आळ त्याच्यावर येतो. वास्तविक हा जीव बहुतांशी मृतभक्षक असतो. मासा आधी मरतो आणि कृमी मागाहून येतो. माशाने न खाल्लेले, फटीत अडकून कुजणारे अन्न तोच साफ करतो. त्याची संख्या भरमसाट वाढली तर त्याचा अर्थ एवढाच, की पेटीत अन्न जास्त पडत आहे. कृमी पकडण्यापेक्षा घास कमी करणे हा त्यावरील खरा उपाय होय.

त्याला उघड्या हाताने मात्र स्पर्श करू नये. त्याचे ठिसूळ रोम त्वचेत मोडून राहतात आणि तीव्र आग होते. चुकून रुतलेच तर चिकटपट्टी लावून ते हलकेच उपटून काढावेत. केसाळ कृमींच्या गोतावळ्यात काही जाती, उदाहरणार्थ कॅरिबियन समुद्रातील दाढीवाला अग्निकृमी, प्रवाळांवर खरोखर ताव मारतात. आकाराने मोठा, प्रवाळाच्या टोकाशी वारंवार दिसणारा कृमी असेल तर त्याला वेगळे करणे इष्ट.

याच कुळातील सर्वांत धाक असलेला जीव म्हणजे युनिस अफ्रोडिटोइस. ‘बॉबिट कृमी’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधील न्यूकी येथील ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ साली प्रवाळांचे लचके तुटू लागले आणि मासे जखमी होऊ लागले. सापळे लावून पाहिले, तेही निकामी झाले. अखेर संपूर्ण पेटी एकेक खडक काढून रिकामी करावी लागली, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा हा कृमी हाती लागला. त्याच वर्षी जपानमधील शिराहामा येथे एका तराफ्याच्या तरंगत्या पिंपात २९९ सेंटीमीटर लांबीचा, ६७३ वलयांचा आणि ४३३ ग्रॅम वजनाचा याच जातीचा कृमी आढळला. ते पिंप १३ वर्षे पाण्यात होते. लहानपणी आत शिरलेला पाहुणा तेथेच वाढला असावा. असे जीव घरगुती पेटीत क्वचितच येतात. परंतु वेळीच केलेल्या तपासणीचे मोल अशा उदाहरणांवरून ध्यानी येते.

काचफूल आणि चुन्याची निवळी

आकाराने छोटे, पण उपद्रवात मोठे असे पाहुणे म्हणजे आयप्टेशिया जातीचे समुद्रफूल. अर्धपारदर्शक तपकिरी देठ आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली लांब शुंडके यांमुळे ते काचेचे बनवल्यासारखे दिसते. धक्का लागताच ते क्षणात खडकात लुप्त होते. दिसायला सुंदर असले तरी त्याच्या दंशपेशी शेजारच्या प्रवाळाला पोळतात. त्याला खरवडून काढण्याचा मोह टाळावा, कारण देठाच्या तळाचा बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवे फूल उगवते. एकाची दहा होतात, ती अशीच.

त्यावर जगभरचे छंदिष्ट जो उपाय करतात, तो मराठी घराला अपरिचित नाही. चुना पाण्यात कालवून दाट लगदा करावा आणि सुई काढलेल्या पिचकारीने थेट फुलाच्या मुखावर सोडावा. त्या वेळी पेटीतील पंप बंद ठेवावेत. खाण्याचा नव्हे, तर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा चुना वापरावा आणि एका दिवशी थोड्याच फुलांवर प्रयोग करावा; अन्यथा पाण्याचा सामू एकाएकी वाढतो. याच चुन्याची निवळी प्रवाळांना कॅल्शियम पुरवण्यासाठीही थेंबाथेंबाने देतात. निसर्गातही या फुलांचे भक्षक आहेत. बर्गिया ही इवलीशी कवचहीन समुद्री गोगलगाय आयप्टेशियावरच जगते. फुले संपली की तिचीही उपासमार होते, म्हणून काम झाल्यावर ती दुसऱ्या छंदिष्टाकडे सोपवण्याची रीत आहे.

टकटक कोणाची?

रात्री काचपेटीतून टकटक आवाज येऊ लागला की घरातील मंडळी चकित होतात. हा आवाज दोन निरनिराळ्या जीवांचा असू शकतो. एक आहे पिस्तुल कोळंबी. हिचा एक नांगा दुसऱ्याहून खूप मोठा असतो. तो वेगाने मिटला की पाण्यात पोकळ बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचाच आवाज ऐकू येतो, हे २००० साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. ही कोळंबी सहसा त्रासदायक नसते. तिच्या काही जाती गोबी माशांसोबत एकाच बिळात राहतात. कोळंबी बीळ खणते आणि मासा पहारा देतो.

दुसरा संभाव्य पाहुणा म्हणजे स्टोमॅटोपॉड कुळातील जीव. त्याचे डोळे देठावर फिरते असतात आणि पुढचे पाय प्रार्थनाकीटकाप्रमाणे घडी घातलेले असतात. त्याच्या मोरपंखी जातीचा तडाखा सेकंदाला सुमारे २३ मीटर इतक्या वेगाचा असल्याचे २००४ साली मोजले गेले. शंख फोडून मांस खाणारा हा जीव गोगलगायी, खेकडे आणि लहान मासे फस्त करतो. त्याला मारण्याचे कारण नाही. तो ज्या खडकात आहे तो खडक बाहेर काढून स्वतंत्र पेटीत ठेवला, तर तोच जीव कौतुकाचा विषय ठरतो.

राखणदार खेकडे

खेकड्यांच्या बाबतीत सरसकट नियम चालत नाही. नांग्यांची टोके चमच्यासारखी पसरट असतील तर तो बहुधा शैवाल खरवडून खाणारा. टोके अणकुचीदार असतील तर तो शिकारी असण्याची शक्यता अधिक, एवढे ढोबळमानाने म्हणता येते. शाखायुक्त प्रवाळांच्या फांद्यांत राहणाऱ्या ट्रपेझिया जातीच्या खेकड्यांचा मात्र खास उल्लेख करावा लागेल. नवे प्रवाळ आणल्यावर त्यात खेकडा दिसला की पुष्कळ जण तो काढून टाकतात. हा खेकडा प्रवाळाच्या चिकट स्रावावर जगतो आणि मोबदल्यात त्याचे रक्षण करतो. प्रवाळभक्षक तारामासा जवळ आला तर तो त्याला चिमटे काढून पिटाळतो. प्रवाळावर साचणारा गाळही तो साफ करतो. फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटाजवळ केलेल्या प्रयोगात असे राखणदार खेकडे काढून घेतले, तेव्हा ५० ते ८० टक्के प्रवाळे एका महिन्याच्या आत मेली. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ओळख न पटवता केलेली ‘साफसफाई’ किती महाग पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

कधी कधी छंदिष्टांची पेटी विज्ञानालाच नवी माहिती पुरवते. अक्रोपोरा प्रवाळ कुरतडणारा एक चपटा कृमी मत्स्यालयांतच प्रथम लक्षात आला. २०११ साली त्याचे शास्त्रीय वर्णन होऊन त्याला अमाकुसाप्लाना अक्रोपोरे हे नाव मिळाले. खुल्या समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, तो सापडल्याची पहिली नोंद त्यानंतर, २०१२ साली झाली.

पाहुण्यांचा पाहुणचार

जे जीव ठेवायचे ठरले, त्यांच्या आहाराची व्यवस्था हा पुढचा प्रश्न. प्रत्येकाला वेगळा घास भरवावा लागतो असे नाही. मृतभक्षक कृमी, छोटे भंगुरतारे आणि पिठाच्या कणाएवढे कोपेपॉड हे माशांच्या उरलेल्या अन्नावर व शैवालावर सुखाने जगतात. किंबहुना हे कोपेपॉडच मँडरीन माशासारख्या नाजूक खवय्यांचे अन्न बनतात.

पाणी गाळून खाणाऱ्यांची गरज निराळी असते. पिसांच्या पंख्यासारखा मुकुट उघडणारे नलिकाकृमी आणि खडकाला चिकटलेले छोटे शिंपले यांना तरंगते सूक्ष्म अन्न लागते. त्यासाठी नॅनोक्लोरोप्सिससारख्या शैवालाचे हिरवे पाणी आठवड्यातून दोन-तीनदा थोड्या प्रमाणात द्यावे. स्पंज मुख्यतः जिवाणू आणि पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये यांवर जगतात, म्हणून ते बहुधा स्वतःची सोय स्वतःच पाहतात. नलिकाकृमीने मुकुट टाकून दिला तर तो मेला असे समजू नये. उपासमार किंवा ताण यांमुळे असे घडते आणि परिस्थिती सुधारल्यास मुकुट पुन्हा उगवतो.

खडकासोबत आलेल्या प्रवाळांचे दोन गट पडतात. ज्यांच्या पेशींत शैवाल राहते, त्यांना प्रकाशातून बरेचसे अन्न मिळते. केशरी-पिवळ्या ट्युबास्ट्रियासारख्या प्रवाळांत असे शैवाल नसते. ती पूर्णतः घासावर अवलंबून असतात. त्यांना आठवड्यातून अनेकदा, शक्यतो दिवे मालवल्यावर खाऊ घालावे लागते. ती मिटलेली असतील तर आधी अन्नाचे थोडे पाणी त्यांच्यावर सोडावे. गंध मिळताच काही वेळात त्यांची तोंडे उमलतात.

अन्न म्हणून बाजारातील ताजी कोळंबी उत्तम. कवच काढून, गोड्या पाण्यात स्वच्छ धुऊन, अगदी बारीक चिरून तिचे छोटे भाग गोठवून ठेवावेत. मीठ, हळद लावलेली कोळंबी चालत नाही, हे घरातील मंडळींना आधीच सांगून ठेवलेले बरे. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात, २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात आणि हवेच्या प्रवाहात ठेवल्यास साधारण एका दिवसात पिले बाहेर येतात. ती लहान तोंडांसाठी सोयीची असतात. खाऊ घालताना पंप दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवून लांब नळीच्या पिचकारीने घास नेमका जीवाजवळ सोडावा आणि पंप आठवणीने पुन्हा सुरू करावा. अर्ध्या तासाने अन्न पडून राहिलेले दिसले तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे. पेटीत जाणारा प्रत्येक घास शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेटच्या रूपाने पाण्यात जमा होतो आणि जमा जास्त, वजा कमी झाली की शैवालाचा हिरवा थर काचेवर दिसू लागतो. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध तर या पेटीत चुकूनही टाकू नये. अपृष्ठवंशी जीवांना ते विषच होय.

माणसाच्या जिवाशी गाठ

काही पाहुण्यांबाबत मात्र खबरदारी हाच पहिला नियम. बटणांच्या गालिच्यासारखी दिसणारी झोअँथिड, विशेषतः त्यांतील पॅलिथोआ ही जात, खडकासोबत नेहमी येते. तिच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असते. हवाई बेटांवरील अशाच जीवातून ते प्रथम वेगळे केल्याचे १९७१ साली जाहीर झाले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २००७ साली एका छंदिष्टाने नको असलेली झोअँथिड मारण्यासाठी खडकावर उकळते पाणी ओतले. त्या वाफेने त्याला श्वसनाचा इतका त्रास झाला की रुग्णालय गाठावे लागले. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली मत्स्यालयाच्या साफसफाईनंतर एका कुटुंबातील सहा जणांवर आणि मदतीला धावलेल्या चौघांवर उपचार करावे लागले.

यावरून तीन नियम पक्के लक्षात ठेवावेत. खडक कधीही उकळू नये, कोरडा घासू नये आणि हातमोजे व चष्म्याशिवाय हाताळू नये. लहान मुले, पाळीव जनावरे आणि स्वयंपाकघरातील भांडी या कामापासून दूर ठेवावीत. खडक हाताळल्यावर खोकला, ताप, धाप, डोळ्यांची आग किंवा तोंडात धातूसारखी चव जाणवल्यास घरातील सर्वांनी मोकळ्या हवेत जावे, डॉक्टरांकडे त्वरित पोहोचावे आणि मत्स्यालयाचा उल्लेख आवर्जून करावा.

समुद्राचे आणि कायद्याचे देणे

नको असलेला जीव ‘मुक्त’ करण्याच्या सद्भावनेने तो समुद्रात वा खाडीत सोडणे हा परोपकार नव्हे. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातील शैवाल १९८४ साली मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळले आणि पुढे सागरतळावर दूरवर पसरले. तेच शैवाल २००० साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडले. त्याचा पूर्ण नायनाट झाल्याचे २००६ साली जाहीर होईपर्यंत सुमारे ७० लाख डॉलर खर्ची पडले. म्हणून काढून टाकलेले शैवाल आणि जीव गोठवून, पिशवीत बंद करून मगच कचऱ्यात टाकावेत. पॅलिथोआ असलेला खडक मात्र पाण्यासह डब्यात बंद करून जाणकाराच्या सल्ल्यानेच हलवावा.

भारतातील छंदिष्टांनी कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. प्रवाळखडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लक्षद्वीप, अंदमान, कच्छचे आखात, मन्नारचे आखात किंवा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेले मालवण, यांपैकी कोठूनही प्रवाळाचा वा प्रवाळखडकाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. परदेशी पाषाणप्रवाळांचा व्यापारही ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित केला आहे. अशा करारातील यादीतले विदेशी सजीव प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ साली नोंदणीचे नियम लागू झाले आहेत. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून कागदपत्रे मागावीत आणि वन खात्याकडे चौकशी करावी. सुदैवाने सिमेंट-वाळूपासून केलेला कृत्रिम सच्छिद्र खडकही काही महिन्यांत जिवाणूंनी भरतो आणि खऱ्या खडकाचे काम करू लागतो.

पेटी बाळगणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी कोकणचा आणि मुंबईचा खडकाळ किनारा आहेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी दूरवर ओसरले की खडकांतील डबक्यांत समुद्रफुले, नलिकाकृमी, खेकडे आणि झोअँथिडचे गालिचे उघडे पडतात. मत्स्यालयातील पाहुण्यांचीच ही सगेसोयरी मंडळी आहेत. भरतीची वेळ पाहून, काहीही न उचलता, कशालाही हात न लावता आणि पाऊल जपून टाकत ती पाहिली, तर एका ओहोटीतही पुष्कळ ओळखी होतात.